आमच्या घराला दार कुठंय?

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी फोन करून विचारलं, "बाई, लिहिणं थांबवलंत का?" थांबवलं नव्हतं. गेले अकरा दिवस मी एका राउटरशी भांडत होते. शेवटी राउटर निर्दोष निघाला. मग ज्यांच्याशी भांडायला हवं होतं त्यांच्याशी फोनवर भांडून झालं, आणि आता तेच भांडण इथे चारचौघांत मांडते आहे. लेख लांबला आहे, चहा घेऊन बसा.

तर झालं असं. मी ज्या शाळेत शिकवत होते तिथे १९७९ पासून २००३ पर्यंत दरवर्षी मुलांचं हस्तलिखित निघायचं. ड्रॉइंग पेपरवर शाईने लिहिलेला मजकूर, मधे चिकटवलेली चित्रं, जाड पुठ्ठ्याची बांधणी. पुढे मराठी माध्यमाच्या पुष्कळ शाळांचं झालं तेच आमच्या शाळेचं झालं. पट घसरत गेला आणि शाळा बंद झाली. कपाटं रिकामी करताना हस्तलिखितं रद्दीत निघाली होती, ती मी रिक्षात घालून घरी आणली. पंचवीसपैकी बावीस हाती लागली. जुन्या विद्यार्थ्यांनी एकेक अंक नेऊन स्कॅन करून दिला. चौदाशेच्या वर पानं झाली.

ही पानं सगळ्यांना पाहता यावीत एवढीच इच्छा होती. सुरुवातीचे काही अंक मी पूर्वी एका फुकट जागेवर चढवले होते. त्या जागेचं दुकान बंद झालं. सूचनेची ईमेल आली होती म्हणे. मी ती महिन्याने पाहिली, तोवर सगळं पुसलेलं. यात नवल काही नाही. जिओसिटीज २६ ऑक्टोबर २००९ ला बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. आपल्यातल्या किती जणांचा जालावरचा पहिला मराठी मजकूर या तीन ठिकाणांपैकी कुठेतरी होता, आठवून बघा. आज त्यातलं काय हाताशी आहे?

म्हणून ठरवलं की या वेळी पानं आपल्या घरातच ठेवायची. भाच्याने त्याचा जुना संगणक दिला. नातीने त्यावर लिनक्स आणि अपाचे घातलं. संगणक कपाटावर ठेवला, तारेने राउटरला जोडला. घरातल्या दुसऱ्या संगणकावरून पाहिलं तर १९८१ च्या अंकाचं मुखपृष्ठ दिमाखात उघडलं. मी तेवढ्यानेच खूश. नात म्हणाली, "आजी, हे घरातल्या घरात आहे. बाहेरच्यांना दिसायला पोर्ट फॉरवर्डिंग करावं लागेल."

आता हे पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे काय, ते आमच्या नातेवाइकांसाठी सांगते. ब्लॉगवाल्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालेल.

माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात गेलं. सोळा बिऱ्हाडं आणि सगळ्यांचा मिळून घर नंबर एकच. पोस्टमन दिंडी दरवाजापर्यंत यायचा. पत्रावर नुसता घर नंबर असेल तर ते कुणाचं हे त्याला कळणार कसं? मग ओट्यावर बसलेल्या मालकांच्या आई सांगायच्या, "हे वरच्या मजल्यावर तिसरी खोली, त्यांचं." घरातला राउटर म्हणजे त्या ओट्यावरच्या आजी. जगाला आपल्या घराचा एकच पत्ता दिसतो, आणि आत फोन, टीव्ही, संगणक अशी बिऱ्हाडं असतात. त्यांचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात आणि ते वाड्यापुरतेच खरे. हे खासगी पत्ते १९९६ साली ठरवून राखून ठेवले गेले, त्यामुळे माझ्या घरात जो १९२.१६८.१.१ आहे तोच समोरच्या इमारतीतही दहा घरांत आहे.

आपण आतून आधी काही मागवलं, तर राउटर त्याची नोंद ठेवतो आणि आलेलं उत्तर बरोबर त्या बिऱ्हाडाकडे देतो. याला नॅट म्हणतात. पण बाहेरून कुणी आपण होऊन आलं, तर राउटर म्हणतो, "कोण पाहिजे?" त्याला आधीच सांगून ठेवायचं की ८० नंबरच्या खिडकीवर, म्हणजे पोर्टवर, कुणी आलं की त्याला कपाटावरच्या संगणकाकडे पाठव. हे सांगून ठेवणं म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. बस्स, इतकंच.

सांगून ठेवलं. तरी बाहेरून काही दिसेना. मग अकरा दिवस काय काय तपासलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे हे करून पाहणाऱ्या पुढच्या माणसाचे दिवस वाचतील.

पहिली चूक माझीच होती. राउटर आतले पत्ते स्वतः वाटतो आणि वीज जाऊन आली की ते कधी कधी बदलतात. मी नियम लिहिला होता १९२.१६८.१.१० साठी, आणि संगणक जाऊन बसला होता १९२.१६८.१.१४ वर. राउटरमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवला.

दुसरी गोष्ट, मी घरात बसूनच बाहेरचा पत्ता टाकून पाहत होते. पुष्कळ राउटरना हे जमत नाही. आतल्या माणसाने बाहेरून वळसा घालून पुन्हा आत यावं हे त्यांना कळत नाही. फोनचं वायफाय बंद करून मोबाइलच्या इंटरनेटवरून पाहायचं. मी ते न करता दोन दिवस उगाच रडत होते.

तिसरं, संगणकाची स्वतःची फायरवॉल. ती ८० नंबरला मोकळीक देत नव्हती. दिली.

चौथं, काही कंपन्या घरगुती जोडणीवर ८० नंबर बंदच ठेवतात. म्हणून ८०८० लावून पाहिलं. नाही.

पाचवं, फायबरची तार भिंतीवरच्या ज्या डबीत येते ती डबी स्वतःही राउटरचं काम करत असते. तिच्यापुढे आपला राउटर लावला की वाड्यात वाडा होतो, आणि आतल्या आजींना सांगून उपयोग नसतो, कारण पाहुणा बाहेरच्या आजींनीच परत पाठवलेला असतो. आमच्याकडे हेही होतं. आपला राउटर काढून ठेवला आणि नियम थेट कंपनीच्या डबीत लिहिला. तरी नाही.

सहावी तपासणी खरं तर सगळ्यात आधी करायला हवी होती. राउटरच्या माहितीच्या पानावर बाहेरचा पत्ता लिहिलेला असतो. त्याला वॅन आयपी म्हणतात. तो पाहायचा, आणि मग 'माझा आयपी कोणता' हे सांगणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर आपला पत्ता पाहायचा. दोन्ही सारखे असतील तर ठीक. आमचे वेगळे होते. राउटरवरचा पत्ता १०० ने सुरू होत होता, आणि नात म्हणाली, "आजी, संपलं. हा सीजीनॅट आहे."

म्हणजे काय, तर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. जगाच्या दृष्टीने ते पत्तेच नाहीत. म्हणजे नुसता आमचा वाडा नव्हे, अख्ख्या पेठेचा मिळून घर नंबर एक, आणि कोण कुठे राहतं याची वही कंपनीच्या कचेरीत. ओट्यावरच्या आजींना मी कितीही सांगितलं तरी पाहुणा आमच्या गल्लीपर्यंत पोचतच नाही.

कंपनीला फोन केला. पहिल्या मुलीने राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. दुसऱ्याने "पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे कुठला प्लॅन?" असं विचारलं. तिसरा जाणकार होता. म्हणाला, "मॅडम, घरगुती जोडणीवर पब्लिक आयपी मिळत नाही. बिझनेस प्लॅन घ्या." माझा बिझनेस काय, तर बंद पडलेल्या शाळेची हस्तलिखितं! चौथ्या दिवशी एक तंत्रज्ञ मुलगा घरी आला. गुणी मुलगा, बूट बाहेर काढून आला, पाणी दिलं तर आधी थँक्यू म्हणाला. सगळं ऐकून घेऊन अगदी मनापासून विचारलं त्याने, "पण आजी, तुम्हाला हे कशाला हवंय? सगळं चालतंय ना तुमचं? यूट्यूब दिसतंय ना?"

मी त्या मुलावर रागावले नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण ही एका कंपनीची गोष्ट नाही. पण त्या प्रश्नाने मला दोन रात्री झोप लागली नाही. कारण त्यात सगळं आलं. इंटरनेट म्हणजे काय, याचं उत्तर आता 'जे दिसतं ते' असं झालं आहे. तुम्हाला दिसतंय ना? मग झालं तर. तुम्ही कुणाला दिसावं, कुणी तुमच्याकडे यावं, हे कुठे ठरलं होतं?

माझं म्हणणं असं की हेच ठरलं होतं. १९९० च्या शेवटी टिम बर्नर्स ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला तो सर्न या संस्थेतल्या त्यांच्या कामाच्या संगणकावर. कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. म्हणजे ही सगळी गोष्टच एका माणसाच्या टेबलावरच्या संगणकापासून सुरू झाली. जाळ्यातली प्रत्येक गाठ दुसऱ्या कुठल्याही गाठीशी बोलू शकते, हाच जाळ्याचा अर्थ. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. तेव्हा वेग होता गोगलगायीचा, फोन अडकून बसायचा, बिल बघून घरात भांडणं व्हायची. पण जोडणी लागली की सहसा जगात दिसणारा एक पत्ता मिळायचा, तासाभरापुरता का होईना. आज वेग शंभरपट झाला आणि पत्ता गेला. जे विकलं जातं त्याला मी इंटरनेट म्हणणार नाही. ते केबल टीव्हीचं मोठं भावंड आहे.

पत्ता ही काय चीज आहे हे आपण पुणेकरांना कुणी शिकवायला नको. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड सुरू झाला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृतात लिहिणारे कवीही. सहा आकड्यांत त्यांनी देश बसवला. ४११०३० मधला पहिला ४ आपल्या विभागाचा, पहिले तीन आकडे मिळून पुण्याचे, आणि शेवटचे तीन पोस्टाचे. गावात राहणाऱ्या कुणालाही कुणी म्हटलं नाही की तुम्ही पत्रं नुसती लिहा, तुम्हाला आलेली मिळणार नाहीत, आणि ती हवी असतील तर दुकानाचा परवाना काढा. टपाल खात्याने असं केलं असतं तर आपण मोर्चा काढला असता. इथे मात्र आपल्याला कुणी काही काढून घेतल्याचंही कळलं नाही.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. मी वर्गात वादविवाद घ्यायची तेव्हा मुलांना सांगायची की समोरच्याचा मुद्दा आधी नीट मांडा, मग खोडा. तर मांडते.

पहिला मुद्दा, पत्ते संपले. हे खरं आहे. जुन्या पद्धतीत एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाख. जगाच्या लोकसंख्येला तेवढे पुरणार नाहीतच. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले आणि १५ एप्रिल २०११ ला आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाच्या संस्थेकडेही शेवटच्या गठ्ठ्यावर येऊन शिधावाटप सुरू झालं. भारतात बहुतेकांच्या घरी इंटरनेट आलं ते त्यानंतर. म्हणजे पंगत उठल्यावर आपण जेवायला पोचलो. यात कंपनीची चूक नाही हे मी मान्य करते. पण याचा उपाय तेव्हाच तयार होता. आयपी व्ही सिक्स नावाच्या नव्या पद्धतीत पत्ते किती आहेत? ३४ वर ३७ शून्यं. आणि यात आपला देश मागेही नाही. दूरसंचार विभागाने त्याचा आराखडा २०१० सालीच काढला होता. आज नवी पद्धत वापरण्यात भारत जगात आघाडीच्या देशांत मोडतो, आणि त्यात मोठा वाटा मोबाइलचा आहे. मग पत्ते नाहीत म्हणून दार नाही, हे कारण किती दिवस सांगणार?

दुसरा मुद्दा, सुरक्षितता. दार ठेवलं तर चोर येतील. हेही खरं आहे. २०१६ साली मिराई नावाच्या किड्याने घराघरांतले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. ते ज्यांच्या घरातले होते त्यांनी कारखान्यातून आलेला पासवर्डच बदलला नव्हता. पण चोर येतात म्हणून आपण दाराला कडी लावतो, कुलूप लावतो. दाराच्या जागी भिंत बांधून घेत नाही. कडी मुळात लावलेली असावी, हे मला शंभर टक्के मान्य. ज्याला नको असेल त्याने ती आयुष्यभर काढू नये. पण किल्ली घरमालकाकडे असावी की नाही?

तिसरा मुद्दा तंत्रज्ञ मुलाचा, लागतं कुणाला? हजारात एकाला लागत असेल. असू दे. वर्तमानपत्राला पत्र लिहिणारेही हजारात एक असतात, म्हणून वाचकांचा पत्रव्यवहार बंद करा असं कुणी म्हणत नाही. आणि लागतं कुणाला हे ठरवायचं कसं? दारच नसलेल्या घरांत पाहुणे किती आले हे मोजून? एखाद्या बारावीतल्या मुलाने हौसेने घरी सर्व्हर लावून पाहायचं ठरवलं तर तो सहाव्या तपासणीला येऊन थांबणार आणि 'हे आपल्याला जमत नाही' असं समजून सोडून देणार. मी पस्तीस वर्षं शिकवलं आहे. मूल चूक स्वतःची समजून एखादी गोष्ट सोडून देतं, त्याच्याइतकं नुकसान दुसरं नाही.

शिवाय दार नको असणाऱ्यांनाही याचा त्रास होतोच. एका पत्त्यामागे शेकडो घरं असतात. त्यातल्या एकाने उपद्व्याप केले आणि एखाद्या वेबसाइटने तो पत्ता अडवला की बाकीचे निरपराध अडकतात. 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून मोटारी आणि सिग्नल ओळखायला लावतात, ते आपल्याला वारंवार का करावं लागतं, याचं एक कारण हेही असतं.

चौथा मुद्दा आमच्या भाच्याचा. "मावशी, एवढा जीव का काढतेस? दुसऱ्यांच्या सर्व्हरवर जागा भाड्याने घे, नाहीतर त्यांच्यातून बोगदा काढ." त्याला बोगदाच म्हणतात, टनेल. चालतं तेही. पण मग पुन्हा पाहुणा तिसऱ्याच्या घरातून येणार, आणि तिसऱ्याने दुकान बंद केलं की आमचा रस्ता बंद. ज्या कारणासाठी मी घरी आले तेच कारण उंबऱ्यावर उभं. आणखीही एक गोष्ट आहे. मागे एका विद्यार्थिनीने कळवलं, "बाई, सातवीतली माझी ती कविता कृपा करून काढा, घरचं फार काही लिहून गेलेय त्यात." पान माझ्याच संगणकावर होतं, मी पाच मिनिटांत काढलं आणि काढलं म्हणजे खरंच काढलं. ते तिला मी छातीवर हात ठेवून सांगू शकले. दुसऱ्याच्या कोठारात ठेवलं असतं तर हे सांगताना माझी जीभ अडखळली असती.

हे मान्य की घरी ठेवलं म्हणजे सुरक्षित, असंही नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. नदीकाठच्या वाड्यांतून लोकांचे कागद चिखलात पडलेले मी पाहिले आहेत. म्हणून हस्तलिखितांच्या तीन प्रती तीन गावी ठेवल्या आहेत. प्रती कुठेही असोत, मूळ घर आपलं असावं, एवढंच म्हणणं.

तुम्हाला आठवत असेल, २०१५ साली नेट न्यूट्रॅलिटीसाठी लाखो लोकांनी ट्रायला ईमेल पाठवल्या होत्या. मीही पाठवली होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावायला बंदी केली. चांगलंच झालं. पण तेव्हा आपण सगळे बोललो ते आपल्याकडे येणाऱ्या गोष्टींबद्दल. काय बघायला मिळावं, कुठल्या दराने मिळावं. आपल्याकडून काय जाईल, आपल्यापर्यंत कोण पोचेल, यावर आपणही गप्प होतो. ग्राहक म्हणून भांडलो आणि जिंकलो. शेजारी म्हणून भांडायचं राहून गेलं.

मागण्या माझ्या तीनच आहेत. एक, जोडणी विकताना कागदावर ठळक लिहा की या जोडणीवर बाहेरून कुणाला येता येणार नाही. वेग किती ते मोठ्या अक्षरात लिहिता, हेही लिहा. दोन, जुना पत्ता मागणाऱ्या घरगुती ग्राहकाला तो वाजवी आकारात द्या. काही लहान कंपन्या देतात, म्हणजे देता येतो. मला सांगितलेल्या बिझनेस प्लॅनमध्ये बिल जवळपास दुप्पट होत होतं. तीन, नव्या पद्धतीचा पत्ता प्रत्येक घराला द्या, तो उठसूट बदलू नका, आणि डबीतली कडी उघडायचा पर्याय ग्राहकाच्या हाती ठेवा.

तिसरी मागणी मी हवेत करत नाही. नवव्या दिवशी नातीला दिसलं की आमच्या जोडणीवर नव्या पद्धतीचा लांबलचक पत्ता मिळतो आहे, आणि डबीच्या आत खोल कुठेतरी त्याच्या फायरवॉलचं पान आहे. तिथे तिने एकच नियम लिहिला. अकराव्या दिवशी रात्री सव्वानऊला भोरहून एका विद्यार्थ्याचा फोन आला. मोबाइलवर १९८१ चा अंक उघडला होता. पान बारावर त्याने काढलेलं गाढवाचं चित्र आहे, ते तो बायकोमुलांना दाखवत होता. मागून हसण्याचे आवाज येत होते. त्याच वेळी इथे पुण्यात एकीला तिच्या ऑफिसातून मात्र काहीच दिसत नव्हतं, कारण तिच्या ऑफिसचं जाळं अजून जुन्याच पद्धतीवर आहे. म्हणजे आमचं दार आता अर्धं उघडं आहे. जे उघडलं ते कंपनीने सांगितलं म्हणून नव्हे, तिथे पर्याय आहे हे एका मुलीने शोधून काढलं म्हणून. आणि डबी बंद करून चालू केली की पत्ता बदलतो, मग नवा पत्ता नावाला जोडायला तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला आहे. सगळ्यांच्या घरी अशी नात नसते.

तेव्हा सगळ्यांनी आज एक करा. आपल्या राउटरच्या पानावर जाऊन वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुमच्याही घराला दार नाही. काय निघालं ते खाली प्रतिक्रियेत लिहा. कंपनीचं नाव लिहायची गरज नाही, गाव लिहा. पंचवीसतीस जणांचं गोळा झालं तर मी ट्रायला साध्या मराठीत एक पत्र लिहिणार आहे, त्यावर तुमच्याही सह्या हव्यात.

आणि तो तंत्रज्ञ मुलगा पुन्हा आला तर त्याला उत्तर देईन, "बाळा, घरात दार कशाला हवं असं कुणी विचारतं का रे?"

असो. चहा गार झाला असेल.

ता. क. - हस्तलिखितं गुरुवारी दिसली नाहीत तर घाबरून फोन करू नका. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्या दिवशी वेबसाइटचाही उपास असतो :)